नट पूर्ण का काढायचा नाही? ('बल व दाब' धड्याला जोड)



आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' हा धडा आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे मुलं पाठ करतात. पुढे आयटीआय करून बुलडोझर-पोकलेन दुरुस्त करणाऱ्या मुलाचा मात्र यावर जीव अवलंबून असतो. कसा, ते बघू.

साखळी ओढणारं दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच बुलडोझरमध्ये त्याचा हब निमुळत्या शाफ्टवर पाचरीसारखा दाबून बसवलेला असतो आणि वरून मोठा नट आवळलेला असतो. एकमेकांत अडकलेले दोन स्टीलचे पेले आठवा. ओढत राहिलं तरी हलत नाहीत आणि सुटतात तेव्हा एकदम सुटतात. हबचंही तसंच!

तो काढायला हायड्रॉलिक पुलर लावतात. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 700 किलो आणि दट्ट्याचं क्षेत्रफळ 40 चौरस सेंटिमीटर. म्हणजे जोर 28,000 किलो, अर्थात 28 टन! हब सुटताना हा ताण क्षणात मोकळा होतो आणि जड हब समोर फेकला जातो.

म्हणून कामाचा क्रम असा:

1. यंत्र सपाट जागी, इंजिन बंद. उचललेलं यंत्र नुसत्या जॅकवर नको, भक्कम ठोकळ्यांवर टेकवा.
2. आधी साखळीचा ताण उतरवा. ताण देणाऱ्या नळकांड्यात ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह हळूहळू, एका फेऱ्यापेक्षा जास्त नाही, असा सैल करा. तोंड समोर नेऊ नका.
3. हबचा नट थोडा सैल करा, पण काही आटे शाफ्टवर राहू द्या. सुटलेला हब तिथेच अडतो.
4. पुलर चालू असताना समोर कुणी उभं राहू नये. हबवर घणाचे घाव नकोत. पोलादाची कपची डोळ्यात जाते. गॉगल हवाच.
5. हब मोकळा झाला की क्रेनचा पट्टा लावून भार पेला, मगच नट पूर्ण काढा.

प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं असतं, तेव्हा त्याची पुस्तिका आधी वाचायचीच.

वर्गात पेले अडकवून दाखवा आणि शीर्षकातला प्रश्न मुलांना विचारा. उत्तर लगेच सांगू नका. "दिसत नसला तरी जोर आत साठलेला असतो," हे मुलांच्या तोंडून येऊ द्या. गॅरेजमध्ये काम शिकणारा मुलगा घरी असेल, तर पालकांनीही हा प्रश्न आज त्याला विचारावा.