छातीवर कॉलेज, कोपऱ्यात कंपनी : अमेरिकेतील कॉलेज-खेळांच्या कपड्यांचा व्यापार

अमेरिकेत कॉलेजच्या संघांचा खेळ हा मोठा व्यापार आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. आपल्या आंतरविद्यापीठ सामन्यांना खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक हजर असतात. तिकडे एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि अमेरिकी फुटबॉलच्या मोसमात ते मैदान भरते. (हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ, आपला पायाने खेळायचा नव्हे.) या प्रेक्षकांत आजी विद्यार्थी असतात, चाळीस वर्षांपूर्वी शिकून गेलेले असतात, आणि त्या विद्यापीठाची पायरीही न चढलेले शेजारपाजारचे लोक असतात. बहुतेकांच्या अंगावर संघाच्या रंगाचा सदरा किंवा स्वेटशर्ट असतो. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेली मुलेदेखील सुटीत घरी येतात ती छातीवर विद्यापीठाचे नाव असलेला जाड स्वेटशर्ट घालूनच.

हा सदरा नीट पाहिला तर त्यावर दोन खुणा दिसतात. छातीवर मोठ्या अक्षरांत विद्यापीठ आणि एका कोपऱ्यात लहानशी कंपनीची निशाणी: नाइकी, ॲडिडास किंवा अंडर आर्मर. गिऱ्हाईक पैसे मोजते ते पहिल्या खुणेसाठी. मग दुसऱ्या खुणेविषयी त्याचे मत काय असते, आणि त्या मताची दखल कोण घेते? या लेखात एवढाच प्रश्न घेऊ. त्याआधी व्यवहार समजून घेतला पाहिजे, कारण तिकडचे चाहतेही पुष्कळदा दोन वेगळे करार एकच समजून वाद घालतात.

पहिला करार पोशाखाचा. कंपनी विद्यापीठाला ठरावीक वर्षे रोख रक्कम देते आणि सर्व संघांना बूट, सदरे, सरावाचे कपडे स्वतः पुरवते. बदल्यात सर्व खेळाडू त्याच कंपनीचा माल घालतात आणि दूरचित्रवाणीवर तिची निशाणी झळकते. याची सुरुवात १९७० च्या दशकाच्या अखेरीस लहान प्रमाणात झाली. सनी व्हॅकारो नावाच्या माणसाने नाइकीला युक्ती सुचवली की, बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला पैसे द्यावेत, म्हणजे त्याचा सगळा संघ आपले बूट घालील. पुढे प्रशिक्षकाच्या जागी विद्यापीठ आले आणि हजारांचे कोटी झाले.

दुसरा करार परवान्याचा. विद्यापीठाचे नाव, चिन्ह आणि रंग ही त्याची मालमत्ता. ती टोपीवर, कपावर, सदऱ्यावर छापायची तर परवाना घ्यावा लागतो आणि विकलेल्या मालाच्या घाऊक किमतीवर टक्केवारीने रॉयल्टी द्यावी लागते. समजा, स्वेटशर्टची घाऊक किंमत ३० डॉलर आणि दर शेकडा १२. तर विद्यापीठाच्या पदरात ३ डॉलर ६० सेंट पडतात. बिल बॅटल या माजी फुटबॉल प्रशिक्षकाने १९८१ मध्ये अनेक विद्यापीठांचे परवाने एकत्र सांभाळणारी कंपनी काढली आणि या विखुरलेल्या धंद्याला शिस्त आली. हा दुसरा करार दिसायला किरकोळ वाटतो. पण पुढे दिसेल की, गिऱ्हाइकाच्या मताला खरे वजन आले ते याच कागदामुळे.

आता चाहत्यांच्या मतांकडे येऊ. सर्वांत मोठा गलका होतो तो रंगावरून. मिशिगनचे रंग मक्याच्या दाण्याचा पिवळा आणि गडद निळा. हे विद्यापीठ वर्षानुवर्षे नाइकीकडे होते. २००८ पासून ते ॲडिडासकडे गेले. काही काळातच चाहत्यांची तक्रार सुरू झाली की, हा पिवळा आमचा नव्हे. कागदावरच्या ओळी ठळक करण्याच्या पेनासारखा हा चमकतो. शाळेच्या गणवेशाचे कापड विकणाऱ्या आपल्या दुकानदारांना ही तक्रार नवी नाही. निळ्याची एक छटा चुकली की मुलाची आई ठाण परत करते. त्यातच मोठ्या सामन्यांसाठी ॲडिडासने वेगळ्या नक्षीचे, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे काढले, तेव्हा जुन्या चाहत्यांनी डोक्याला हात लावला.

परंतु एक गोष्ट व्यापाऱ्याने नजरेआड करू नये. ॲडिडासच्या पहिल्याच मोसमात, २००८ मध्ये, मिशिगनने १२ पैकी ९ सामने गमावले. २०१४ मध्येही ५ जिंकले आणि ७ हरले. संघ हरत असला की गिऱ्हाइकाला सदऱ्याची शिवणसुद्धा वाकडी दिसते. कंपनीचा दोष किती आणि मैदानावरचा किती, याचा हिशोब कोणी वेगळा मांडला नाही. जुलै २०१५ मध्ये विद्यापीठाने नाइकीकडे परतण्याचे जाहीर केले. पूर्ण मुदतीत रोख आणि माल मिळून सुमारे १७ कोटी डॉलरचा हा सौदा होता. १ ऑगस्ट २०१६ रोजी, करार लागू होताच, मध्यरात्री ॲन आर्बर गावातले दुकान उघडले आणि नवे सदरे घ्यायला लोक रांगा लावून उभे राहिले. फुटबॉल संघाच्या सदऱ्यावर तर नाइकीची नेहमीची निशाणीही नव्हती. तिथे बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची उडी मारणारी आकृती होती. ज्या खेळाशी जॉर्डनचा संबंध नाही त्या खेळाच्या सदऱ्यावर त्याची छबी, आणि तरीही ती लोकांनी आवडीने घेतली! गिऱ्हाइकाला कंपनीच्या खुणेशी देणेघेणे नसते, हे सरसकट विधान इथे टिकत नाही. खूण मानाची वाटली तर तो तिच्यासाठी रात्र जागवतो.

दुसरे मत नवेपणाविषयीचे आहे, आणि त्यात चाहत्यांचेच दोन तट पडतात. ओरेगन विद्यापीठाचा धावपटू फिल नाइट आणि त्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी १९६४ मध्ये जी भागीदारी सुरू केली तीच पुढे नाइकी झाली. त्यामुळे ओरेगनचा संघ हा नाइकीचा जणू नमुना मांडण्याचा काचेचा कपाट झाला. संघाचे रंग हिरवा आणि पिवळा. पण तो काळ्यात, पांढऱ्यात, करड्यातही मैदानावर उतरू लागला. दर सामन्याला नवा जोड. म्हाताऱ्या चाहत्यांनी नाके मुरडली. मात्र कोणत्या विद्यापीठात जावे हे ठरवणाऱ्या सतरा वर्षांच्या खेळाडूंना ते आवडले, आणि कंपनीचे लक्ष त्यांच्यावर होते. मेरीलँडमध्ये हीच पुनरावृत्ती झाली. तिथला माजी फुटबॉल खेळाडू केविन प्लँक याने १९९६ मध्ये अंडर आर्मर काढली. सप्टेंबर २०११ मध्ये मेरीलँडचा संघ मायामीविरुद्ध अशा पोशाखात उतरला की, अर्ध्या शिरस्त्राणावर राज्याच्या ध्वजाचे एक चिन्ह आणि अर्ध्यावर दुसरे. कोणी त्याला विदूषकाचा झगा म्हटले, कोणाचा ऊर अभिमानाने भरून आला. तो सामना मेरीलँडने जिंकला आणि त्या मोसमातले एकूण १२ पैकी १०  हरला. पण देशभर चर्चा झाली ती पोशाखाची, आणि माझ्या मते कंपनीला तेवढेच हवे होते. नावे ठेवणारा चाहतासुद्धा तिची जाहिरातच करत होता.

रंग आणि नक्षीविषयी एवढा गलका, पण हा सदरा शिवला कोणी याविषयी मैदानातल्या लाखभर लोकांत क्वचितच कोणी बोलत असे. तो प्रश्न विचारला थोड्या विद्यार्थ्यांनी. १९९९ च्या सुरुवातीला ड्यूक, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी कार्यालयांत ठिय्या मांडला. मागणी साधी होती. आमच्या विद्यापीठाचे नाव ज्या कारखान्यांत छापले जाते त्यांचे पत्ते जाहीर करा. कंपन्यांचे म्हणणे होते की, हे व्यापारी गुपित आहे, प्रतिस्पर्धी त्याचा फायदा घेतील. पण परवाना विद्यापीठाचा, त्यामुळे अटही विद्यापीठ घालू शकत होते. त्याच वर्षी नाइकीने कॉलेजचा माल बनवणाऱ्या कारखान्यांची नावे-पत्ते उघड केले. गुपित उघडल्याने धंदा बुडाला नाही.

२००० मध्ये कारखान्यांची स्वतंत्र तपासणी करणारी ‘वर्कर राइट्स कन्सॉर्शियम’ ही संस्था उभी राहिली आणि विद्यापीठे तिची सभासद होऊ लागली. ओरेगन सभासद झाले तेव्हा फिल नाइटने आपल्याच विद्यापीठाला द्यायची ठरवलेली ३ कोटी डॉलरची देणगी मागे घेतली. त्याच सुमारास मिशिगनबरोबरची कराराची बोलणीही नाइकीने मोडली. प्रायोजक किती जवळचा असला तरी त्याच्या थैलीची दोरी त्याच्याच हातात असते, हे दोन्ही विद्यापीठांना त्या एका महिन्यात कळले.

या कागदाची ताकद पुरती दिसली ती रसेल कंपनीच्या प्रकरणात. होंडुरास या मध्य अमेरिकेतल्या देशात तिचा एक कारखाना होता. कामगारांनी संघटना बांधली, आणि जानेवारी २००९ मध्ये कारखाना बंद झाला. सुमारे १,२०० लोक बेकार झाले. कंपनीने मंदीचे कारण सांगितले. तपासणी करणाऱ्या संस्थेने संघटनेवरचा राग हे कारण असल्याचा निष्कर्ष काढला. विद्यार्थ्यांनी विद्यापीठांकडे तगादा लावला आणि सुमारे शंभर विद्यापीठांनी रसेलचे परवाने तोडले किंवा थांबवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने कामगारांशी करार केला. त्यानुसार त्यांना परत घ्यायचे आणि नवा कारखाना उघडायचा ठरले. ॲडिडासलाही असाच अनुभव आला. इंडोनेशियातला तिच्यासाठी माल शिवणारा पीटी किझोन हा कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि २,८०० कामगारांचे कायद्याने देय असलेले पैसे थकले. मालक दुसराच होता, माल मात्र आमच्या नावाचा होता, असे म्हणत कॉर्नेलसह एकामागून एक विद्यापीठांनी करार सोडले, तेव्हा २०१३ मध्ये ॲडिडासने तडजोड केली.

इथे आकड्यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. पिवळ्याच्या छटेवर हजारो लोक वर्षानुवर्षे ओरडले आणि कराराची मुदत संपत आल्यावरच काही हलले. होंडुरासच्या बाबतीत शेकडा एकही चाहता बोलला नसेल. पण जे बोलले त्यांनी दुकानात नव्हे तर परवाना देणाऱ्याच्या दारात जाऊन मागणी केली, आणि दहा महिन्यांत कंपनी वाकली. गिऱ्हाइकाची नाराजी विक्रीच्या आकड्यात विरघळून जाते. करारातली अट विरघळत नाही.

करार उलटही फिरतो. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाने २०१६ मध्ये अंडर आर्मरशी १५ वर्षांचा २८ कोटी डॉलरचा सौदा केला. कॉलेज-खेळांतला तोवरचा तो सर्वांत मोठा. चाहत्यांनी आकडा पाहून टाळ्या वाजवल्या. पण कंपनीची विक्री मंदावली, आणि २०२० मध्ये साथीमुळे सामने बंद पडताच तिने सांगितले की, ठरलेली जाहिरात आम्हाला मिळत नाही, सबब करार संपला. विद्यापीठ कोर्टात गेले. २०२२ मध्ये ६ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान नाइकीशी नवा करार झाला होता, सहा वर्षांचा आणि पाच कोटींच्याही आतला. जाहीर झालेली मोठी रक्कम म्हणजे हाती आलेली रक्कम नव्हे. अशा वेळी करारातले ‘अपरिहार्य आपत्ती’चे कलम आधी वाचावे आणि मग आकडा.

या साऱ्या व्यवहारात सदरा अंगावर घालून खेळणाऱ्याला काय मिळत होते? शिष्यवृत्तीपलीकडे काही नाही. विद्यापीठाचा सदरा विकला जाई तो नामांकित खेळाडूच्या क्रमांकाचा, पण पाठीवर नाव नसे. कारण नाव छापले तर त्याचे पैसे कोणाचे, हा प्रश्न आला असता. ऑगस्ट २०१३ मध्ये समालोचक जे बिलास याने दाखवून दिले की, कॉलेज-खेळांची मध्यवर्ती संघटना एनसीएए हिच्या विक्रीच्या यादीत खेळाडूचे आडनाव टाकून शोधले की बरोबर त्याच क्रमांकाचा सदरा समोर येतो. संघटनेला ती विक्री बंद करावी लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकचा झायन विल्यमसन खेळता खेळता पडला. त्याचा नाइकीचा बूट फाटला आणि गुडघा मुरगळला. बुटाचा करार विद्यापीठाचा होता, गुडघा त्याचा.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि सदऱ्यांच्या पाठीवर नावे आली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्याने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याचीही वाट खुली झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा दर विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. एवढी रक्कम आणायची कुठून, हा प्रश्न पडताच पोशाखाच्या करारांचे स्वरूप बदलू लागले. टेनेसी विद्यापीठाने २०२५ मध्ये नाइकी सोडून ॲडिडास निवडले. जुलै २०२६ पासूनच्या या दहा वर्षांच्या करारात खेळाडूंना जाहिरातीच्या कामाचे पैसे मिळवून देण्याची बाब उघडपणे पुढे मांडली गेली. हेच विद्यापीठ २०१५ मध्ये ॲडिडास सोडून नाइकीकडे आले होते, आणि तेव्हा त्याच्या बऱ्याच चाहत्यांनी सुटलो बुवा म्हणत नवे नारिंगी सदरे घेतले होते.