लाल बटण

(यंत्रामुळे श्रम वाचतात; पण यंत्र चालवणाऱ्याला ते थांबवताही आले पाहिजे. यंत्र तत्काळ थांबवणाऱ्या बटणाची माहिती या पाठात दिली आहे.)

दिवाळीच्या सुमारास हदगावच्या परिसरात कापसाची वेचणी सुरू असते. हा कापूस जिनिंग कारखान्यात जातो. तेथे फिरत्या रुळांच्या साहाय्याने सरकी वेगळी होते व रुई मिळते. कामगाराची बाही त्या रुळांत अडकली तर? कापूस कोणता आणि बाही कोणती, हे रुळाला कळत नाही. तो ओढतच राहतो.

अशा वेळी उपयोगी पडते ते आणीबाणीचे बटण. ते लाल असते आणि त्याच्यामागे पिवळा रंग असतो. त्याचे डोके भूछत्रासारखे मोठे असते. घाबरलेल्या माणसाला बोटाने बटण शोधता येत नाही. म्हणून ते तळहाताने किंवा कोपरानेही दाबता यावे, अशी ही रचना आहे. लांब पट्ट्याच्या यंत्राला बटणाऐवजी दोरी लावतात. ती कोठूनही ओढली तरी यंत्र थांबते.

हे बटण एकदा दाबले की दाबलेलेच राहते. ते फिरवून किंवा ओढून मोकळे करावे लागते. मोकळे केल्यावरही यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी चालू करण्याचे वेगळे बटण दाबावे लागते. यंत्रात अडकलेल्याला सोडवणाऱ्याचा जीव या नियमामुळे वाचतो.

1948 च्या कारखाने अधिनियमात, प्रत्येक कार्यकक्षात संकटकाळी यंत्राची शक्ती तोडण्याची सोय असावी, अशी तरतूद होती. शेतातील मळणीयंत्रांसाठी 1983 साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झाला.

परंतु बटण म्हणजे जादू नव्हे. वीज तुटली तरी जड चाक काही क्षण फिरतच राहते. म्हणून चाकावरची जाळी काढू नका. बटणापुढे पोती रचू नका. सैल बाह्या, ओढणी, रुमाल यंत्रापासून दूर ठेवा. वीज गेली म्हणून थांबलेल्या यंत्रात हात घालू नका. वीज परत येताच ते सुरू होऊ शकते. आधी मुख्य स्विच बंद करा. मळणीयंत्र ट्रॅक्टरवर चालत असेल, तर ट्रॅक्टर बंद करू शकणारा माणूस जवळच असू द्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. उर्दूत ‘धोका’ म्हणजे फसवणूक. मराठीत ‘धोका’ म्हणजे खतरा. यंत्रावर ‘धोका’ असे लिहिलेले दिसले, तर तेथे कोणी फसवत नाही. तेथे जिवाला भीती आहे.

उद्या तुम्ही गिरणीत, शेतात किंवा कारखान्यात काम कराल. पहिल्या दिवशी यंत्र सुरू कसे करायचे, हे विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : “हे बंद कोठून होते?”

शब्दार्थ
सरकी – कापसाचे बी
रूळ – गोल, लांब फिरणारा दांडा
आणीबाणी – अचानक आलेले संकट
भूछत्र – पावसाळ्यात उगवणारी छत्रीसारखी बुरशी
तरतूद – आधी करून ठेवलेली सोय

स्वाध्याय
1. आणीबाणीच्या बटणाचे डोके मोठे का असते?
2. वीज गेल्यावर मुख्य स्विच बंद का करावा?
3. ‘धोका’ हा शब्द मराठी अर्थाने वाक्यात वापरा.
4. जवळच्या पिठाच्या गिरणीत जा. यंत्र कोठून बंद होते, ते विचारून पाच वाक्ये लिहा.