स्वतःची वेबसाइट: फुकट काय, विकत काय?

शिकवणी घेणारे शिक्षक, अनुवादक, फोटोग्राफर, चित्रकार अशा एकट्याने काम करणाऱ्यांना वेबसाइटवर चार-पाच पानंच लागतात: ओळख, कामाचे नमुने, दर, संपर्क. तेवढ्यासाठी दहा-पंधरा हजारांचं पॅकेज घेऊ नका. पैसे मोजायचे ते नावाचे, म्हणजे डोमेनचे. बाकीचं बहुतेक फुकटात भागतं.

डोमेन
‘.इन’ किंवा ‘.कॉम’ला वर्षाला साधारण ७०० ते १,५०० रुपये पडतात, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतला ९९ किंवा १९९ रुपयांचा भाव बहुधा पहिल्या वर्षापुरताच असतो, म्हणून आधी रिन्यूअलचा दर बघा. पैसे भरण्यापूर्वी कार्ट नीट तपासा. तीन वर्षांची मुदत, ईमेल, ‘साइट सिक्युरिटी’ असं काहीबाही त्यात आधीच टिक केलेलं असू शकतं. नको ते काढून टाका. साध्या साइटसाठी एसएसएलचे वेगळे पैसेही देऊ नका. खालच्या सगळ्या फुकट सेवांत ते मिळतंच.

साइट कुठे ठेवाल?
• गूगल साइट्स: कोडिंग येत नसेल तर हाच सोपा मार्ग. फुकट, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. मांडणीचे पर्याय मात्र मोजके.
• ब्लॉगर: नियमित लिहिणाऱ्यांसाठी. इथेही डोमेन जोडण्याचे पैसे नाहीत.
• वर्डप्रेस डॉट कॉम: दिसायला देखणं, पण फुकट योजनेत त्यांच्या जाहिराती झळकतात आणि पत्त्यात त्यांचं नाव राहतं.
• गिटहब पेजेस: थोडं एचटीएमएल येणाऱ्यांसाठी. मर्यादा १ जीबी जागेची. ऑनलाइन दुकान चालवायला परवानगी नाही.
• शेअर्ड होस्टिंग: ‘महिना १४९’सारखा भाव सहसा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरल्यावरच मिळतो. शिवाय त्यावर स्वतः वर्डप्रेस चालवलंत, तर अपडेट आणि बॅकअपची जबाबदारी तुमचीच.

मराठी मजकूर
श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर थेट चिकटवला, तर वाचकाला अगम्य चिन्हं दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मुक्ता, नोटो हे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात.

खातं कोणाच्या नावावर?
साइट कोणीही बनवून देवो, डोमेन तुमच्याच ईमेलवर घ्या. या घराचा सातबारा तोच. बनवणाऱ्याच्या खात्यावर नोंद झाली, तर पुढे साइट हलवायलाही त्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

पाच वर्षांचा हिशेब
रिन्यूअल १,२०० रुपये धरलं, तर जीएसटीसह वर्षाचे १,४१६ आणि पाच वर्षांचे ७,०८०. होस्टिंगचा खर्च शून्य. ऑटो-रिन्यूअलवर विसंबू नका; कार्ड बदललं किंवा बँकेने व्यवहार अडवला की ते हुकतं. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. मुदत उलटून सवलतीचे दिवसही संपले, तर तेच नाव सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट रक्कम पडते.