नवं वाण पेरतेस? मग एवढं ऐक

पोरी, सोयाबीनचं नवं वाण लावायचं म्हणतेस, तर खुशाल लाव. तुझा बाप कुरकुरेल, पण तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्याकडे मी बघते. फसलं तरी चालेल. फक्त का फसलं ते कळेल, अशा बेताने पेर.

1. एकराच्या 40 गुंठ्यांतले 5 नव्याला दे, बाकीत नेहमीचं पेर — पोटाचं रान वेगळं, हौसेचं रान वेगळं.

2. त्या 5 गुंठ्यांना बाकीच्यासारखीच जमीन दे, कडेची पाणथळ पट्टी नको — नाहीतर दोष वाणाचा की चिखलाचा, हे कोण सांगणार?

3. यंदा वाणच बदल. रुंद वरंबा-सरीची हौस पुढच्या वर्षी — सगळं एकदम बदललंस तर पीक उत्तम येऊनही शाबासकी कुणाला द्यायची ते कळत नाही.

4. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, 70 तरी उगवले पाहिजेत — घरात कळलेलं अपयश स्वस्त पडतं.

5. पहिल्या सरीला भुलू नकोस. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ दे, वापसा येऊ दे — दुबार पेरणीचं बियाणं बहुधा उधारीवरच येतं.

6. बियाण्याची पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर दाणे काढणीपर्यंत जपून ठेव — पावती हरवली की तक्रार मुकी होते.

7. पाऊस, फवारणी, खर्च त्याच दिवशी वहीत लिही — दिवाळीपर्यंत आठवणीला साखर लागते, आकड्याला लागत नाही.

8. पीक बसलं म्हणून रागाने रोटर फिरवू नकोस. आधी चार झाडं उपटून मुळं बघ, खोड उभं चिर — खोडमाशीची अळी आतून पोखरते, बाहेरून पत्ता लागत नाही.

9. लोक हसले तर वाद घालू नकोस, बांधावर बोलावून पीक दाखव — लोखंडाने जमीन नासते म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरही शेतकरी आधी घेत नव्हते.

10. आणि छान पिकलं, तरी लगेच सगळं रान त्याखाली आणू नकोस, आणखी एक पावसाळा बघ — एकदा पिकलं ते नशीब, दोनदा पिकलं ती शेती.