दिल्लीची मेट्रो आणि ती उभारणारी माणसे

(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी पूरक पाठ. विषय : परिसर अभ्यास व नागरिकशास्त्र. घटक : वाहतूक व सार्वजनिक कामे. कालावधी : दोन तासिका.)

पाठाची आवश्यकता

वाहतुकीची साधने हा घटक शिकविताना आपण बैलगाडीपासून विमानापर्यंतची यादी फळ्यावर लिहितो व मुले ती पाठ करतात. परंतु ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न टाकला की वर्गातून एकच उत्तर येते : ‘सरकारने.’ हे उत्तर चुकीचे नाही. पण त्यात माणूस दिसत नाही. जी वस्तू कोणा माणसाने कष्टाने केली आहे असे वाटत नाही, तिची निगा राखणे हेही कोणाचे काम वाटत नाही. सार्वजनिक मालमत्तेविषयीच्या अनास्थेचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या अनेक गावांतील माणसे बांधकामाच्या मजुरीसाठी शहरात जातात. त्यांची मुले आपल्या वर्गात बसतात; पण बाप काय करतो असे विचारले तर मान खाली घालतात. ती मान वर व्हावी, इतके जरी या पाठाने साधले तरी त्याचे चीज झाले असे समजावे.

उद्देश

१. मोठे सार्वजनिक काम अनेकांच्या हातून कसे उभे राहते हे विद्यार्थ्यांस समजावे.
२. दिलेली मुदत पाळणे व सार्वजनिक पैसा जपणे यांचे मोल कळावे.
३. श्रम करणाऱ्याविषयी आदर व त्याच्या जीविताविषयी कळकळ उत्पन्न व्हावी.

साहित्य : भारताचा नकाशा, चार विटा, लाकडी पट्टी, मूठभर ओली माती.

पूर्वज्ञान जागृत करण्यासाठी प्रश्न

आपल्या गावात एस. टी. किती वाजता येते? ती वेळेवर न आल्यास कोणाकोणाची अडचण होते? शाळेची ही खोली कोणी बांधली? गवंडी कोण होता? शेवटच्या प्रश्नाला बहुधा उत्तर येणार नाही. तेथेच थांबून पाठाचा हेतू सांगावा : ‘आज आपण एका मोठ्या शहरातील रेल्वे पाहणार आहोत, आणि ती बांधणारी माणसेही.’

विषयविवेचन

१. गरज

प्रथम नकाशावर दिल्ली दाखवावी. १९९१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. २००१ मध्ये ती सुमारे १ कोटी ३८ लाख झाली. रस्ते तेच, माणसे मात्र वाढली. खासगी बसगाड्यांची गर्दी व अपघात यांनी लोक त्रासले होते. अशा शहराला रस्त्यावर न चालणारे वाहन हवे होते. मेट्रो म्हणजे शहरातल्या शहरात, कोठे उंच खांबांवरून तर कोठे जमिनीखालून धावणारी विजेची आगगाडी.

२. कलकत्त्याचा धडा

भारतातील पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्यात झाली. तिची पायाभरणी २९ डिसेंबर १९७२ रोजी झाली; पहिली गाडी २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली; आणि दमदम ते टॉलीगंज हा संपूर्ण मार्ग पुरा होण्यास १९९५ साल उजाडले. कारागिरीत हे काम कमी नव्हते. परंतु पैसा वेळेवर न मिळाल्याने काम रेंगाळले, रस्ते वर्षानुवर्षे उकरलेले राहिले व खर्च वाढत गेला. मुलांना हे असे सांगावे : विहीर अर्धी खणून ठेवली तर तिचे पाणी मिळत नाहीच, पण दर पावसाळ्यात तिची माती ढासळते व ती पुन्हा काढावी लागते.

३. श्रीधरन

दिल्लीसाठी १९९५ मध्ये केंद्र सरकार व दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीने एक महामंडळ स्थापन झाले. १९९७ मध्ये ई. श्रीधरन हे त्याचे व्यवस्थापकीय संचालक झाले. त्यांचा जन्म १९३२ मध्ये केरळातील पालघाट भागात झाला. ते रेल्वेचे अभियंता. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरला जाणारा पांबनचा पूल समुद्राने उद्ध्वस्त केला, तेव्हा दुरुस्तीस सहा महिन्यांची मुदत अपेक्षित होती. वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. आणि तरुण श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ते काम ४६ दिवसांत पुरे झाले. पुढे कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेच्या आखणीतही त्यांनी काम केले. म्हणजे कलकत्त्याचा धडा त्यांनी जवळून पाहिलेला होता.

४. कामाची रीत

काम १ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरू झाले. कचेऱ्यांतून व कामाच्या जागी उलटी चालणारी घड्याळे लावली होती. किती दिवस झाले हे न दाखविता मुदतीला किती दिवस उरले हे ती दाखवीत. कामाभोवती पत्र्यांचे कुंपण असे. बाहेर पडणाऱ्या मालमोटारींची चाके धुतली जात, कारण शहराच्या रस्त्यावर आपला चिखल जाऊ नये. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. मोठ्या कामाची शिस्त अशा लहान गोष्टींत दिसते.

पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे साडेदहा हजार कोटी रुपये. त्यातील सुमारे ६० टक्के रक्कम जपानकडून कर्जाऊ मिळाली. कर्जाबरोबर जपानी सल्लागारही आले. डोक्यावर शिरस्त्राण, पायात भक्कम बूट यांवाचून कामावर पाऊल टाकू नये, हा दंडक या कामात रुजविण्यास त्यांचे साहाय्य झाले.

खांबावरील मार्ग वर्गात करून दाखविता येतो. दोन विटा उभ्या कराव्या व त्यांवर पट्टी ठेवावी. दिल्लीत पट्टीच्या जागी काँक्रीटचे तुकडे असतात. ते अन्यत्र ओतून तयार करतात व यंत्राने उचलून एकापुढे एक जोडतात. भुयाराच्या दोन पद्धती आहेत. एकीत रस्ता उकरून, खाली पेटीसारखे बांधकाम करून, वरून पुन्हा बुजवितात. दुसरीत यंत्र जमिनीखालूनच पुढे सरकते. त्यासाठी गांडुळाचे उदाहरण द्यावे. गांडूळ पुढची माती घेते, मागे टाकते व वाट करते. यंत्रही पुढची माती कोरून मागे लोटते आणि झालेल्या वाटेला काँक्रीटची कडी बसवीत जाते. जुन्या दिल्लीतील चावडी बाजाराखाली ही दुसरी पद्धत वापरली, कारण वर दाटीने वसलेली जुनी घरे होती. ती घरे न पाडता त्यांच्याखालून गाडी गेली.

२४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा सुमारे ८ किलोमीटरचा पहिला भाग पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते सुरू झाला. सुमारे ६५ किलोमीटरचा पहिला टप्पा दहा वर्षांत अपेक्षित होता. तो डिसेंबर २००५ मध्ये, म्हणजे सव्वासात वर्षांत, पुरा झाला. आज हे जाळे ३५० किलोमीटरहून मोठे आहे.

५. बाकीची माणसे

येथे शिक्षकांनी सावध राहावे. गोष्ट सांगता सांगता एकच नाव मोठे होते व मुले समजतात की रेल्वे एका माणसाने बांधली. तसे होऊ देऊ नये. फळ्यावर एक गाडी काढावी व वर्गास विचारावे : ‘ही धावावी म्हणून कोणकोण लागले?’ मुलांकडूनच उत्तरे काढावी. जमीन मोजणारा, नकाशा काढणारा, सळ्या बांधणारा, काँक्रीट ओतणारा, जोडकाम करणारा, वीज आणणारा, हिशेब तपासणारा, रात्री पहारा करणारा, गाडी चालविणारा, फलाट झाडणारा. मार्गातील घर किंवा दुकान सोडून दुसरीकडे जावे लागलेली माणसेही या यादीत घ्यावी. त्यांनीही या रेल्वेसाठी काही दिले आहे. मजुरांपैकी पुष्कळ जण बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल अशा प्रांतांतून आले. काम संपले की ते दुसऱ्या कामावर गेले. कोनशिलेवर त्यांची नावे नाहीत.

६. बारा जुलै

हा भाग टाळू नये. १२ जुलै २००९ रोजी पहाटे दक्षिण दिल्लीतील जमरूदपूर येथे बांधकाम चालू असलेल्या पुलाचा भाग कोसळला. सहा जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी मलबा काढताना क्रेनही कोसळल्या व आणखी माणसे जखमी झाली. त्या खांबात दोष असल्याचे आधी लक्षात आले होते. खांबाच्या रचनेतच उणीव होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. हा मार्ग २०१० च्या ऑक्टोबरातील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांपूर्वी पुरा करावयाचा होता.

श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही, व ते पुन्हा कामावर आले. मुदतीचे घड्याळ लावणाऱ्या माणसाने ‘चूक कोणाची’ असे न विचारता ‘जबाबदारी माझी’ असे म्हटले, हे मुलांस सांगावे. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. राजीनाम्याने गेलेली माणसे परत येत नाहीत. उलटे घड्याळ उरलेले दिवस मोजते. ते माणसाचा जीव मोजीत नाही. तो मोजण्याचे काम घड्याळ लावणाऱ्याचे व त्यावर देखरेख करणाऱ्या प्रत्येकाचे असते. वेळ पाळणे व जीव राखणे ही दोन्ही कर्तव्ये आहेत. आणि दोहोंत विरोध आला तर कोणते आधी, हा प्रश्न वर्गापुढे ठेवून उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

७. आपल्या जवळचे उदाहरण

दिल्लीला जाण्यापूर्वी श्रीधरन यांच्याकडे कोकण रेल्वेचे काम होते. रोह्यापासून मंगळूरकडे जाणारा, सुमारे ७४० किलोमीटरचा, सह्याद्रीच्या कुशीतून व असंख्य खाड्यांवरून जाणारा हा मार्ग. मधू दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांनी त्याचा पाठपुरावा केला. २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण खुला झाला. ९० हून अधिक बोगदे खोदावे लागले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. या कामात अनेकांनी प्राण गमावले. रत्नागिरी स्थानकावर त्यांचे ‘श्रमशक्ती’ स्मारक आहे. सहल त्या बाजूस गेल्यास मुलांना तेथे न्यावे व क्षणभर उभे करावे.

फलकलेखन

गरज – आखणी – पैसा – श्रम – देखरेख – निगा. (यांतील एक शब्द पुसून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. पुढे प्रत्येक शब्दासाठी तसेच करावे.)

आवृत्तीचे प्रश्न

१. कलकत्त्याची भुयारी रेल्वे पुरी होण्यास उशीर का झाला?
२. मालमोटारींची चाके धुण्याचे कारण काय?
३. चावडी बाजाराखाली रस्ता का उकरला नाही?
४. राजीनामा देणे म्हणजे जबाबदारी संपणे काय? आपले मत सांगा.

उपयोजन

प्रत्येक गटाने गावातील एक सार्वजनिक काम निवडावे : विहीर, पूल, बंधारा, पाण्याची टाकी, शाळेची खोली. ते कोणत्या साली झाले, पैसा कोठून आला, गवंडी व मजूर कोण होते, काम चालू असता कोणास इजा झाली काय, आज निगा कोण राखतो, ही माहिती वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारून लिहून आणावी. हयात असलेल्या एखाद्या गवंड्यास शाळेत बोलवावे, त्यास खुर्ची द्यावी व मुलांस प्रश्न विचारू द्यावे. मिळालेली नावे सुवाच्य अक्षरात लिहून तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावावा. कोणाही मुलाच्या घरच्या धंद्याचा उल्लेख त्याच्या इच्छेविरुद्ध वर्गात करू नये. पण एखादा मुलगा आपण होऊन ‘माझे वडील पुण्याला सळ्या बांधतात’ असे सांगेल, तर ‘सळई’ हा शब्द फळ्यावर लिहून पुढचा पाच मिनिटांचा पाठ त्यालाच घेऊ द्यावा.