पैज लावू, शब्द शिकू

मंडळी, मोबाईलवर पैजेचे गमतीचे व्हिडिओ येतात. कोणी मिरची खातो, कोणी एका पायावर उभा राहतो. हरला की सगळे हसतात. तशीच पैज आज आपण पारावर लावू.

पैज अशी : इंग्रजी शब्द न वापरता दिवसाची हकीकत सांगायची. शब्द आला की एक उठाबशी.

"सकाळी बसनं यवतमाळले गेलो. तिकीट काढलं..."

झाल्या दोन उठाबशा!

"अरे बाप्पा! तिकीट बी इंग्रजीच काय, गुरुजी?"

"हाव, मामा. बस, तिकीट, पंप, बॅटरी, सारे इंग्रजीच. म्हणजे थोडे इंग्रजी तुम्हांला येतेच!"

आता दुसरी पैज. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, वर शब्द असतो. लाल आणि पिवळ्या रंगावर पॉयझन, म्हणजे विष. निळ्यावर डेंजर, म्हणजे धोका. हिरव्यावर कॉशन, म्हणजे सावधान. लाल सर्वांत जहाल. हिरवे सौम्य, पण तेही जपूनच वापरावे.

पॉयझनचे पहिले अक्षर पी, डेंजरचे डी, कॉशनचे सी. तिन्ही शब्द फळ्यावर पाहा व पाटीवर गिरवा.

2017 साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. सुमारे 20 माणसे दगावली. शेकडो आजारी पडली. नुसत्या वाचनाने विष टळत नाही. पण वाचणारा नाकातोंडाला फडके बांधतो, हातमोजे घालतो. चक्कर आली तर दवाखान्यात डब्यावरचे नाव सांगतो.

मंडळी, ही पैज मात्र हरू नका.