नियम बदलतो तो कोणासाठी?

(बी.ए. भाग २)

राज्यशास्त्राच्या तासाला घटनादुरुस्तीचा अनुच्छेद ३६८ शिकताना एक प्रश्न मनात येऊन गेला. साध्या कायद्याला साधे बहुमत पुरते. घटनेत दुरुस्ती करावयाची तर प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. मूलभूत नियम सहजासहजी बदलता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. परंतु नियम बदलण्याची इच्छा माणसाला होते केव्हा? नियम चुकीचा आहे हे पटल्यावर, की त्या नियमाने आपण हरल्यावर? या प्रश्नाचा विचार करण्यास उपयोगी पडेल असे एक उदाहरण मला संसदेत नव्हे, तर अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये आढळले. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेतील फुटबॉलवर लेख लिहितो आहे असे घरी सांगितले, तेव्हा आईने विचारले, "तिकडे तरी पायाने खेळतात ना?" खरे तर फारसे नाही. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू आणि शंभर यार्ड लांबीचे मैदान. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की 'टचडाउन', म्हणजे सहा गुण. लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला की 'फील्ड गोल', म्हणजे तीन गुण. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला धरून जमिनीवर पाडायचे. पकडीची ओढाताण आपल्या कबड्डीची आठवण करून देते. फरक असा की येथे डोक्यावर शिरस्त्राण असते आणि तरीही मेंदूला इजा होते.

हा खेळ नियमबदलांतूनच घडला आहे. सुरुवातीच्या काळात खेळाडू घोळका करून आपल्या गड्याला ढकलीत, रेटीत पुढे नेत. १९०५ च्या हंगामात अनेक तरुण मृत्युमुखी पडले; त्याच वर्षी खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि रेटारेटीच्या खेळाला डोळ्यांचा व हातांचा खेळ होण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे नियमबदल हा काही खेळाचा शत्रू नव्हे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

व्यावसायिक संघांची संघटना १९२० साली ओहायो राज्यातील कँटन येथे स्थापन झाली. १९२२ पासून ती नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाते. तिच्यात ३२ संघ आहेत. नियमबदलाची सूचना स्पर्धा समिती करू शकते, किंवा कोणताही संघ करू शकतो. मतदान संघांचे मालक करतात आणि तीन-चतुर्थांश, म्हणजे ३२ पैकी २४ मते लागतात. आपल्या घटनेच्या दोन-तृतीयांशाहून ही अट कडक आहे. मात्र मतदार कोण, इकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता अतिरिक्त वेळेचा प्रश्न पाहू. सामना बरोबरीत सुटला की नाणेफेक होई, आणि जो संघ आधी गुण मिळवील तो विजयी ठरे. नाणेफेक जिंकणारा अर्थातच चेंडू घेई. जानेवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्सने मिनेसोटाला याच रीतीने, पहिल्याच संधीत फील्ड गोल मारून ३१–२८ असे हरविले; मिनेसोटाचा ब्रेट फार्व्ह हा विख्यात क्वार्टरबॅक मैदानाबाहेर पाहत राहिला. दोन महिन्यांत बाद फेरीसाठी नियम बदलला: पहिल्या संधीत नुसता फील्ड गोल झाला तर दुसऱ्या संघालाही संधी, टचडाउन झाला तर मात्र खेळ खलास. ही अर्धीच दुरुस्ती होती. जानेवारी २०१९ मध्ये कॅन्सस सिटीचा संघ न्यू इंग्लंडकडून अतिरिक्त वेळेत ३७–३१ असा हरला. त्यांच्या पॅट्रिक माहोम्सच्या हाती त्या वेळेत चेंडू आलाच नाही. कॅन्सस सिटीने लगोलग प्रस्ताव मांडला की दोन्ही संघांना संधी मिळालीच पाहिजे. तो मान्य झाला नाही. आणि मग काय व्हावे? जानेवारी २०२२ मध्ये त्याच कॅन्सस सिटीने, त्याच जुन्या नियमाच्या आधारे, बफेलोला ४२–३६ असे हरविले. यावेळी मैदानाबाहेर उभा राहिला तो बफेलोचा जॉश अ‍ॅलन.

त्यानंतर मार्च २०२२ मध्ये २९ विरुद्ध ३ मतांनी बाद फेरीत दोन्ही संघांना संधी देण्याचा नियम झाला. २०१० पासून बाद फेरीत जे १२ सामने अतिरिक्त वेळेत गेले, त्यांपैकी १० नाणेफेक जिंकणाऱ्यांनी जिंकले होते. त्यांतले ७ तर पहिल्याच संधीत. पुढे २०२५ मध्ये साखळी सामन्यांनाही हेच तत्त्व लागू झाले.

या बदलाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की बचाव हाही खेळाचाच भाग आहे. ज्याला पहिला टचडाउन अडविता आला नाही त्याने तक्रार कसली करायची? हा युक्तिवाद ऐकायला खणखणीत आहे. पण मला तो पटत नाही. कारण एका संघाच्या बचावाची परीक्षा होते आणि दुसऱ्याच्या बचावाची होतच नाही, हे कोण ठरवितो? नाणे ठरविते. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकारांच्या संख्येवरून इंग्लंड विजयी ठरले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्याच वर्षी तो नियम रद्द केला. तेथे न्यूझीलंडवर झालेला अन्याय आणि येथे बफेलोवर झालेला अन्याय एकाच जातीचा होता. प्रस्ताव हरलेल्यानेच मांडला म्हणून तो स्वार्थी ठरत नाही, हे कॅन्सस सिटीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जखम ज्याला झाली तोच आधी ओरडतो, एवढेच.

परंतु ओरड झाली म्हणून लगेच औषध द्यावे असेही नाही. जानेवारी २०१९ मध्येच न्यू ऑर्लिन्स व लॉस एंजेलिस यांच्या सामन्यात पंचांनी एक ढळढळीत अडथळा दुर्लक्षिला. लोकक्षोभ एवढा झाला की मार्चमध्ये ३१ विरुद्ध १ मतांनी अशा निर्णयांची चित्रफीत तपासण्याचा नियम झाला. एका हंगामात त्याचा असा काही गोंधळ उडाला की पुढच्या वर्षी तो गुपचूप सोडून देण्यात आला. विशेष बहुमताची भिंत कितीही उंच बांधा, सगळेच एकदम रागावले तर ती ओलांडली जाते.

आता सर्वांत ताजा आणि माझ्या मते सर्वांत बोधप्रद वाद. फिलाडेल्फियाच्या संघाने २०२२ पासून एक चाल विशेष पक्की केली. एखादाच यार्ड हवा असेल तेव्हा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स मधल्या गड्याच्या पाठीशी वाकून चेंडू घेतो, पुढची फळी खाली झुकून रेटते आणि मागून दोघे-तिघे हर्ट्सला ढकलतात. या चालीला 'टश पुश' म्हणतात. (नावाचे शब्दशः भाषांतर वार्षिकांकात छापण्याजोगे नाही.) चेंडूवाल्याला मागून ढकलण्यास पूर्वी बंदी होती, अंमलबजावणी अवघड म्हणून ती २००५ मध्ये उठविण्यात आली. फिलाडेल्फियाला या चालीत बहुतेक वेळा यश येते, इतरांना तेवढे येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ही चाल अडविताना वॉशिंग्टनच्या खेळाडूंनी इतक्या वेळा आधीच उडी मारली की शेवटी पंचांनी गुण बहाल करण्याची ताकीद दिली! पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियाने अंतिम सामना ४०–२२ असा जिंकला. त्यातील पहिला टचडाउन याच चालीचा होता.

त्या वर्षी बंदीचा प्रस्ताव आला तो ग्रीन बे संघाकडून. हा संघ कोणा एका धनिकाच्या मालकीचा नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक त्याचे मालक आहेत. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांची आठवण व्हावी, पण लाभांश मात्र कवडीचा मिळत नाही. या संघाच्या तत्कालीन अध्यक्षांचे मत असे की या चालीत कौशल्य नाही आणि यश जवळजवळ ठरलेले असते. बफेलोचे तत्कालीन प्रशिक्षक शॉन मॅकडरमॉट यांनी सुरक्षिततेचा मुद्दा मांडला. खेळाडूंचा एवढा भार एकावर एक पडणे धोक्याचे, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा संघही ही चाल सर्रास खेळत असे.

या दोन आक्षेपांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. कौशल्य नाही म्हणावे, तर मग ती इतरांना तितकीशी का साधत नाही? रेटण्याचा कोन, पायांची ठेवण, क्षणाचा मेळ हे सारे सरावानेच येते. क्रिकेटमध्ये १९८१ साली ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला, तेव्हा नियमात बसत असूनही ते सर्वांना अशोभनीय वाटले आणि तशा गोलंदाजीवर बंदी आली. ते योग्यच झाले, कारण त्या चेंडूवर षटकार मारणे कोणालाच शक्य नव्हते. 'टश पुश' तशी नाही. ती अडविता येते, अडविली गेलीही आहे. दिसायला ती कुरूप असेल. परंतु कुरूप दिसणे हे बंदीचे कारण होऊ लागले, तर कबड्डीतली अर्धी पकडही बंद करावी लागेल.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. १९०५ चा इतिहास डोळ्यांपुढे असताना घोळक्याच्या रेट्याला कोणी भ्यावे, यात नवल नाही. पण येथे अडचण अशी, की या चालीने विशेष दुखापती होतात असे दाखविणारे आकडे लीगजवळ नव्हते. आकड्यांवाचून घेतलेले सुरक्षिततेचे नाव हे माझ्या मते पांघरूण आहे. त्याखाली फिलाडेल्फियाला रोखण्याची इच्छाच अधिक दिसते. याउलट सुरुवातीच्या लाथेचा, म्हणजे 'किकऑफ'चा नियम २०२४ मध्ये बदलण्यात आला, तेव्हा लांबून पूर्ण वेगाने धावत येऊन होणाऱ्या टकरींच्या दुखापती मोजलेल्या होत्या. खेळाडू एकमेकांजवळ उभे करण्यात आले, धाव कमी झाली, चाल मात्र जिवंत राहिली. सुरक्षिततेसाठी बदल करायचा तो असा.

मे २०२५ मध्ये मतदान झाले: बंदीच्या बाजूने २२, विरुद्ध १०. आणखी दोन मते मिळती, तर बंदी आली असती. त्या सभेत फिलाडेल्फियाचा जेसन केल्सी बोलला. ही चाल घडविणाऱ्या फळीच्या मधोमध तो वर्षानुवर्षे वाकला होता, सारा भार अंगावर घेतला होता; २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. चालीत धोका किती हे सांगण्याचा त्याच्याहून मोठा अधिकार त्या दालनात कोणाचा असेल असे वाटत नाही. पण त्याला मत मांडता आले, मत देता आले नाही.

खेळाडूंच्या संघटनेचीही हीच स्थिती. मार्च २०२४ मध्ये मागून धरून कमरेचा भार टाकून पाडण्याच्या पकडीवर बंदी आली, तेव्हा संघटनेने आधीच जाहीर विरोध केला होता; तरी ठराव संमत झाला. बंदी योग्य असेलही, कारण त्या पकडीने घोटे व गुडघे मोडत होते. परंतु ज्यांचे घोटे मोडतात आणि ज्यांना ऐन धावेत निमिषार्धात पकड बदलावी लागते, ते दोघेही खेळाडूच. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की शरीराच्या सुरक्षिततेचे कारण देऊन जो बदल मांडला जाईल, त्याला मालकांच्या २४ मतांबरोबर खेळाडूंच्या संघटनेचे बहुमतही लागावे. आपल्या घटनेतील काही दुरुस्त्यांना संसदेनंतर निम्म्या राज्यांची संमती लागते, त्या धर्तीवर. उरलेले बदल, नाण्याचे आणि घड्याळाचे, मालकांनी खुशाल करावेत.